नऊ नंबरच्या फलाटावरचा आवाज

१

सोमवारी सकाळी रूफस ओडमनं टेपचं दुसरं रीळ यंत्रावर चढवलं, बटण दाबलं, आणि काहीच ऐकू आलं नाही.

आधी त्याला वाटलं, एखादी वायर सैल झाली असेल. त्यानं वायरी तपासल्या, रीळ पुढं पळवून पाहिलं, मागं आणून पाहिलं. मग दार उघडून मला बोलावलं. आवाजात घाई नव्हती, पण चेहरा उतरला होता.

"कोरा, जरा बस इथं. माझे कान गेलेत की टेप गेलीय, तेवढं सांग."

मी हेडफोन चढवले. नुसती शांतता. डबा तोच होता, त्यावर रूफसच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'बेरेनी, भाग दुसरा'. आत मात्र बेरेनी नव्हते.

हे नीट कळायला आमची त्या वेळची कंपनी माहीत हवी. 'कर्ल्यू'ची सुरुवात मिरियम साल्झच्या गॅरेजमध्ये झाली. लोक तेव्हा सिनेमाची कॅसेट भाड्यानं आणायचे, बघायचे आणि परत करायचे. मिरियमचं म्हणणं, सिनेमा पुस्तकासारखा घरच्या कपाटात असावा, मनात येईल तेव्हा हवं ते पान उघडता यावं. तिची पहिली डिस्क तर सिनेमाची नव्हतीच. एका संग्रहालयातली चित्रं होती, एकेक चित्र पडद्यावर थांबवून हवं तितका वेळ बघायचं. लोकांनी तिला वेड्यात काढलं. मग ताटाएवढ्या चकचकीत तबकड्यांवर जुने सिनेमे आले, सोबत छापील पुस्तिका. पुढं संगीत ऐकता ऐकता कॉम्प्युटरवर त्याची स्वरलिपी वाचता येईल अशीही एक डिस्क निघाली. सांता मोनिकात सायकलच्या दुकानावरच्या मजल्यावर आम्ही मूठभर माणसं हे सगळं करायचो. पुस्तिका लिहिण्याचं काम माझ्याकडं होतं.

तबकडीवर आवाजाच्या दोन पट्ट्या मावत. एकीवर सिनेमाचा मूळ आवाज, दुसरी मोकळीच पडलेली. मिरियमनं ठरवलं, त्या मोकळ्या पट्टीवर दिग्दर्शकाला बोलवायचं. प्रेक्षकानं बटण दाबलं की सिनेमा चालू असताना दिग्दर्शक कानाशी बोलायला लागतो: हा प्रसंग कसा सुचला, ही नटी त्या दिवशी का रुसली होती.

लास्लो बेरेनी तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. 'नऊ नंबरचा फलाट' हा त्यांचा जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीचा सिनेमा. दोन दुपारी ते आमच्या मागच्या खोलीत बसून बोलले. मिरियम जपानमध्ये डिस्कच्या कारखान्यात अडकली होती, त्यामुळं खोलीत ते आणि रूफस दोघंच. आणि रूफस नेहमी म्हणायचा, मी शब्द ऐकत नाही, आवाज ऐकतो. माझी नजर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या काट्यावर. माणूस काय बोलतोय ते ऐकत बसलो तर काटा लाल रेघेपलीकडं कधी गेला ते कळायचं नाही.

दुसऱ्या दुपारी बाहेर आल्यावर कोट चढवता चढवता बेरेनी आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "फलाटाच्या प्रसंगाला लेखकाबद्दल बोललोय. आता माझं काम संपलं."

पुढच्याच आठवड्यात त्यांना झटका आला. जीव वाचला, वाचा गेली. ती परत येण्याची आशा डॉक्टरांनी दिली नाही.

त्या टेपवर जे होतं, ते आता कुणीही त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेऊ शकणार नव्हतं.

२

डेल ब्रँट हा मिरियमचा भागीदार. व्यवहाराची बाजू तो बघायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि रूफसला घरी जायला सांगितलं. खोली रूफसच्या ताब्यात, मिटवायचं यंत्र रूफसच्या फळीवर, तेव्हा चुकून मिटवलं असो नाहीतर मुद्दाम, जबाबदारी त्याची. पुन्हा बोलावणं येईल याची खात्री नाही, असंही तो म्हणाला. डबा टेबलावर ठेवून रूफस आपलं जाकीट शोधायला लागला.

मी मिरियमला फोन लावला. ती म्हणाली, "पोलीस नकोत. ताकेडाबाईंना सांग."

फुमिको ताकेडा आमच्याकडं पुस्तिकांची मुद्रितं तपासायला यायच्या. साठी उलटलेली, ठेंगणी बाई, केस कानाशी सरळ कापलेले. आयुष्यभर त्यांनी एका विमा कंपनीसाठी आगीच्या दाव्यांची चौकशी केली होती. आग लागली की लावली, हे त्या राख बघून सांगायच्या. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून आमच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. आम्हाला त्यांची थोडी भीती वाटायची.

त्या आल्या, पर्स खुर्चीला अडकवली, आणि त्यांनी पहिला प्रश्न डेलला नाही, रूफसला केला. "जाकीट काढ आणि मला दोन्ही रिळं दाखव. चांगलं आधी."

रूफसनं पहिल्या भागाचं रीळ दिलं. बाईंनी टेपचं बाहेरचं टोक चिमटीत धरलं. वीतभर लाल पट्टी होती.

"हे काय?"

रूफसनं सांगितलं, की रेकॉर्डिंग संपलं की प्रत्येक रिळाच्या शेवटी तो लाल पट्टी चिकटवतो, टेप संपली हे डोळ्यांना कळावं म्हणून. सवयच आहे, दात घासल्यासारखी.

"आता दुसरं."

दुसऱ्या रिळाचं टोक तपकिरी होतं. रूफसनं टेप सैल करून दुसरं टोकही पाहिलं. मग तो हळूच खाली बसला. "ही माझी टेपच नाही," तो म्हणाला. "ही फळीवरची कोरी टेप आहे. सकाळपासून मी नुसते कान लावत बसलो, डोळे उघडलेच नाहीत."

मिटवायचं यंत्र तिथंच पडलेलं होतं. इस्त्रीएवढं मोठं लोहचुंबक, बटण दाबून रिळावरून फिरवलं की झालं. बाईंनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि परत ठेवलं.

"ज्याला तो आवाज नको होता, त्यानं हे वापरलं असतं," त्या म्हणाल्या. "निदान रीळ उचलून समुद्रात टाकलं असतं. इथं कुणीतरी कोरं रीळ शोधून डब्यात ठेवलंय, डबा जागच्या जागी लावलाय. का? कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. आणि कायमचं लक्षात येणार नाही असं तर कुणालाच वाटणार नाही. म्हणजे थोड्या दिवसांसाठी. त्या माणसाला टेप ऐकायची होती, आणि परत ठेवायची होती."

डेल म्हणाला, की हा सगळा अंदाज आहे.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "पण या अंदाजात टेप शाबूत आहे. तुमच्या अंदाजात नाही. मी आधी माझा तपासते."

३

लेखकाबद्दलची कुजबुज आम्हाला सगळ्यांना माहीत होती. पडद्यावर नाव होतं मेरिट कोल्बी यांचं. पण सिनेमा आला तो काळ वाईट होता. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून वॉशिंग्टनच्या समितीपुढं माणसं उभी केली जात होती, मित्रांची नावं विचारली जात होती, आणि जी माणसं नावं सांगत नव्हती त्यांना हॉलिवुडमध्ये कुणी दारात उभं करत नव्हतं. त्यांतली एक लेखिका डोरा मॉल्किन. ती मेक्सिकोला गेली आणि तिथंच वारली. 'फलाट' तिनं लिहिला आणि कोल्बींनी फक्त नाव दिलं, असं बोललं जायचं. पुरावा कुणाकडंच नव्हता.

डेलनं मोकळेपणानं कबूल केलं, की बेरेनी काय बोलले असतील या विचारानं त्याची झोप उडाली होती. ज्या स्टुडिओकडून आम्ही सिनेमा घेतला होता, त्याला लेखकाच्या नावावरून वाद नको होता. वाद झाला तर पुढचे सिनेमे मिळणार नाहीत, आणि सिनेमे नाहीत तर कंपनी नाही. "तो भाग नसता तर मला बरंच वाटलं असतं," तो म्हणाला. "पण मी लपवाछपवी करत नाही. मी सरळ मिरियमला सांगितलं असतं, कापून टाक."

बाईंनी मग मला विचारलं, शुक्रवारी इथं कोण कोण आलं होतं. शुक्रवारी दुपारी मी स्वतः तो डबा हलवला होता तेव्हा टेपची लाल शेपटी बाहेर आलेली मला दिसली होती, मीच ती आत सारली होती. म्हणजे अदलाबदल त्यानंतरची.

त्यानंतर बाहेरची दोनच माणसं आली होती. बेरेनींची मुलगी इडित, वडिलांचा स्वेटर मागच्या खोलीत राहिला होता तो न्यायला. आणि स्वतः मेरिट कोल्बी. पुस्तिकेत त्यांच्या आठवणी छापायच्या होत्या, त्याचं मुद्रित वाचायला. त्यासाठी पहिल्या भागाची कॅसेट मी त्यांना आधीच घरी पाठवली होती, बेरेनींच्या बोलण्याशी त्यांच्या आठवणी जुळाव्यात म्हणून. दुसऱ्या भागाची कॅसेट व्हायचीच होती. बाहेर फोन वाजत होते, म्हणून मी त्यांना मागच्या खोलीत बसवलं. रूफस तेव्हा खाली टाको खात होता.

"आणि टेप सोमवारी लागणार, हे कुणाकुणाला माहीत होतं?"

मूळचा दिवस गुरुवार होता, आणि तोच सगळ्यांना सांगितलेला होता. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर जपानहून निरोप आला, कारखान्यात जागा लवकर मिळतेय. डेलनं काम सोमवारवर आणलं आणि रूफसला घरी फोन करून कळवलं. आम्हा बाकीच्यांना सोमवारी सकाळीच कळलं.

बाईंनी मान हलवली आणि पर्स उचलली. डेलनं विचारलं, की मग रूफसचं काय करायचं.

"त्याला जेवायला पाठवा," त्या म्हणाल्या. "त्यानं घेतली असती तर शुक्रवारी फोन आल्यावर त्यानं ती गुपचूप परत ठेवली असती, बोंब मारली नसती. आणि तुम्ही घेतली असती तर तारीख अलीकडं आणून स्वतःची चोरी स्वतःच उघडी पाडली नसती. तुम्ही दोघं सुटलात."

निघताना त्यांनी रूफसला आणखी एकच गोष्ट विचारली: दुसऱ्या दिवशीच्या आवाजात काही वेगळं होतं का? शब्द नकोत, आवाज. रूफस कुरकुरला, की होतं ना. म्हाताऱ्याचा घसा बसला होता, म्हणून रूफसनंच आपल्या खणातली पेपरमिंटची गोळी दिली, आणि ती सगळा वेळ दातांवर खटखट वाजत राहिली. बेरेनी गोड कधी खात नसत. बंदुकीच्या दारूसारखं लागतंय म्हणाले, पण थुंकली नाही. ते खटखट काढून टाकायचं काम अजून बाकी होतं.

४

बेरेनींचं घर वर टेकडीवर होतं. जूनमधलं समुद्रावरचं मळभ दुपार होत आली तरी हटलं नव्हतं. इडितनं दार उघडलं. पन्नाशीची, उंच, शाळेत फ्रेंच शिकवणारी. वडील खिडकीशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर तोच स्वेटर. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, ओळखलंही, आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. ताकेडाबाई सरळ त्यांच्यापाशी गेल्या, वाकून नमस्कार केला आणि हवापाण्याबद्दल बोलल्या, जणू त्यांना उत्तर मिळतच होतं.

स्वयंपाकघरात इडितनं कॉफी ओतली. टेप गायब झाल्याचं ऐकून ती ओट्याला टेकली. "रूफसकडं मी एक प्रत मागितली होती," ती म्हणाली. "तो म्हणाला, काम झालं की देतो." त्या खोलीत आपण स्वेटर घेऊन थोडा वेळ नुसतंच बसलो होतो, हेही तिनं न विचारता सांगितलं. कोपऱ्यात जुनं टेपचं यंत्र होतं, ते मला दिसलं आणि बाईंनाही दिसलं.

"तुम्हाला वाटतंय मी घेतली," इडित म्हणाली.

"तुम्हाला त्यातला एकच भाग मिळणार असेल, तर कुठला घ्याल?" बाईंनी विचारलं.

इडितला प्रश्न कळलाच नाही. "एक का? मला दोन्ही हवेत. मला तर पहिलाही अजून कुणी ऐकवलेला नाही. बाबा त्यात हसलेत का, एवढंच मला बघायचंय." तिनं कप आमच्याकडं सरकवले. "आणि लेखकाचं म्हणाल, तर मी लहान होते. डोरामावशी आमच्याकडं यायची, एवढं आठवतं. काय लिहायची, कुणासाठी लिहायची, ते बाबांनी मला कधी सांगितलं नाही. विचारलं की विषय बदलायचे."

परतताना गाडीनं उतार संपवल्यावर बाई म्हणाल्या, "दोन डबे शेजारी शेजारी होते. तिनं दोन्ही नेले असते, नाहीतर एकही नाही."

"मग कोल्बी?" मी म्हणाले. पण मला ते पटत नव्हतं. कोल्बी एकोणऐंशीचे, आमच्या ऑफिसात येताना सगळ्यांसाठी बागेतली लिंबं आणणारे. आणि टेपवर त्यांचं बिंग फुटलेलं असेल, तर त्यांनी ती जाळून टाकली असती. जपून कशाला ठेवतील?

"तेच विचारायला चाललोय," बाई म्हणाल्या.

५

कोल्बींनी आम्हाला अभ्यासिकेत बसवलं. भिंतभर पुस्तकं, आणि मधल्या फळीवर 'फलाट'च्या लेखनाचं पारितोषिक म्हणून मिळालेला पुतळा, त्याच्या खांद्यांवर धूळ. ते लास्लोबद्दल बोलले, प्रेमानं बोलले. टेप हरवल्याचं ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, फार वाईट झालं, लास्लोच्या पोरीसाठी फार वाईट झालं. ती बातमी त्यांनी आधीच कुठून ऐकली होती का, हे बाईंनी विचारलं नाही.

बोलता बोलता कोल्बी म्हणाले, "शेवटी थकला होता बिचारा. घसा बसलेला, तोंडात ती गोळी, तरी बोलत राहिला. आता कुणी इतकं मनापासून काम करत नाही."

मी बाईंकडं पाहिलं. त्यांनी चहाचा घोट घेतला. त्यांची नजर खिडकीखालच्या बुटक्या कपाटावर होती. त्यावर एक जुनं टेपचं यंत्र, झाकणावर ओल्या कुंडीचा गोल डाग. कुंडी मात्र खाली जमिनीवर होती, आणि तिच्यातलं फर्न पायदळी तुडवलं जाईल अशा जागी.

चहा संपल्यावर बाईंनी कप खाली ठेवला.

"कोल्बीसाहेब, मी काय समजले ते सांगते. चुकलं तर सांगा. टेप कुणीतरी ऐकण्यासाठी नेली. ज्यानं नेली त्याला गुरुवारपर्यंत वेळ आहे असं वाटत होतं. त्यानं फक्त दुसरा भाग नेला, कारण पहिला त्याच्याकडं कॅसेटवर होता. कॅसेट कोरानं एकाच माणसाला पाठवली होती. गोळीचं तुम्हाला बेरेनींनी फोनवरही सांगितलं असेल, म्हणून मी ते धरत नाही. ती कुंडी तुम्ही पाणी घालायलाही खाली ठेवली असेल. पण कॅसेटचं मला दुसरं उत्तर सापडत नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी गवत कापत होतं. कोल्बी त्या आवाजाकडं कान देऊन बसल्यासारखे बसले. मग उठले, टेबलाचा खण उघडला आणि रीळ काढून माझ्या मांडीवर ठेवलं. लाल पट्टी टोकाला लोंबत होती.

"परत देणार होतो," ते म्हणाले. "ऐकेपर्यंत."

६

मला वाटलं होतं, आता ते माफी मागतील. त्यांनी यंत्राचं झाकण उघडलं, रीळ माझ्याकडून घेऊन चढवलं आणि म्हणाले, "आधी ऐका. मग काय म्हणायचं ते म्हणा."

बेरेनींचा आवाज खोलीत आला. खरखरीत, हंगेरियन वळणाचा, दातांवर गोळी वाजतेय. कोल्बींनी जागा बरोबर शोधून ठेवली होती.

"आता हा फलाटाचा प्रसंग," आवाज म्हणाला. "लोक विचारतात, हे कुणी लिहिलं. मी सांगतो. मेरिट कोल्बीनं लिहिलं. माझ्या स्वयंपाकघरात, एका दुपारीत. मी समोर बसलो होतो. पेन गळत होतं, बोटं निळी झाली होती. गार झालेल्या घेवड्याच्या शेंगा भांड्यातूनच खात होता आणि लिहीत होता. शेवटचं वाक्य लिहिलं आणि मला म्हणाला, लास्लो, ही बाई गाडीत चढणार नाही. मी म्हटलं, का? तर म्हणाला, कारण तिला निरोप द्यायला कुणी आलेलं नाही. बास. मेरिटनं लिहिलं. दुसऱ्या कुणी नाही."

कोल्बींनी यंत्र बंद केलं.

"त्या दुपारी मी तिथं नव्हतोच," ते म्हणाले. "डोरा होती. बोटं तिची निळी झाली होती. शेंगा तीच खायची, भांड्यातून, बशी घ्यायचा कंटाळा. ते वाक्य तिचं आहे. लास्लोनं तिची अख्खी दुपार उचलून माझ्या अंगावर चढवली."

त्यांनी सावकाश सगळं सांगितलं. डोरानंच त्यांच्याकडं नाव मागितलं होतं. ते देण्यात धोका होता, तरी त्यांनी दिलं, आणि आलेलं सगळं मानधन तिच्याकडं पोचतं केलं. इथवर त्यांना लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. मग पुतळा मिळाला. त्या पुतळ्याकडं बघून लोकांनी त्यांना कामं दिली, मान दिला. डोरा होती तोवर खरं बोलणं तिच्याच जिवावर बेतलं असतं, आणि ती गेल्यावर काळ बदलला, तर तोवर ते त्या नावावर घर बांधून बसले होते. बेरेनींनी त्यांना शब्द दिला होता, मी कधी बोलणार नाही.

"रेकॉर्डिंग झालं त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. म्हणाला, मी तुझ्याबद्दल बोललोय, ऐकशील तेव्हा कळेल. मला वाटलं, बोलला. शेवटी बोलला एकदाचा. खरं सांगू? मी घाबरलो नाही. त्या रात्री मला चांगली झोप लागली. वाटलं, मी जे बोलू शकलो नाही ते त्यानं बोलून टाकलं, आता लोक काय म्हणायचं ते म्हणतील. आणि मग त्याला झटका आला. मला धीर धरवेना. मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं."

"आणि ऐकलंत," ताकेडाबाई म्हणाल्या.

"त्यानं शब्द पाळला होता. इतका चांगला पाळला, की आता डोराची बोटंसुद्धा माझी झाली. हे डब्यात परत ठेवलं की हजारो तबकड्यांवर छापलं जाणार. आणि लास्लो आता ते मागं घेऊ शकत नाही. मी ते परत ठेवू शकलो नाही, आणि मिटवूही शकलो नाही, त्याचा आवाज आहे तो. दोन दिवस खणात ठेवून बसलोय."

मग बाईंनी एक प्रश्न विचारला, आणि तो इतक्या साध्या आवाजात विचारला, की मला आधी तो महत्त्वाचा वाटलाच नाही.

"ते मागं घेऊ शकत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमची वाचा शाबूत आहे ना?"

७

मंगळवारी सकाळी कोल्बी आमचा जिना चढून आले. हातात लिंबं नव्हती. आधी ते रूफसपुढं उभे राहिले आणि माझ्यामुळं तुझ्यावर बालंट आलं, म्हणाले. रूफसनं त्यांना खुर्ची दिली, पाण्याचा ग्लास दिला, आणि म्हणाला, "गोळी मागू नका फक्त. नाही देणार." डेलनंही रूफसची माफी मागितली, जरा घाईघाईत, दारातूनच.

बेरेनींच्या आवाजातलं काही कापायचं नाही, हे कोल्बींनीच अट घालून सांगितलं. फलाटाच्या प्रसंगानंतर ती बाई रिकाम्या फलाटावर बसून राहते, तिथं बेरेनी बराच वेळ गप्प होते. त्या शांततेत कोल्बी बोलले. समोर कागद नव्हता.

"मी मेरिट कोल्बी. लास्लोनं आत्ता माझ्यासाठी खोटं सांगितलं, कारण तो माझा मित्र आहे आणि त्यानं मला शब्द दिला होता. त्या शब्दातून मी त्याला मोकळा करतो. स्वयंपाकघरात डोरा मॉल्किन होती. हा सिनेमा तिनं लिहिला, पहिल्या वाक्यापासून शेवटच्यापर्यंत. मी नाव दिलं, आणि नंतर ते परत केलं नाही."

रूफस काट्याकडं बघत होता. काटा लाल रेघेपर्यंत एकदाही गेला नाही. तरी कोल्बी थांबल्यावर त्यानं हेडफोन काढून बाजूला ठेवले. या खेपेला त्यानं शब्द ऐकले होते, असं मला वाटतं. मी विचारलं नाही.

डेलनं स्टुडिओची भीती पुन्हा बोलून दाखवली. ती खोटीही नव्हती. पुढं स्टुडिओनं आम्हाला दोन सिनेमे नाकारले, आणि त्या वर्षी कंपनी कशीबशी तगली. पण फोनवर मिरियमनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, की पुस्तिका बदला, डोराचं नाव वर घ्या. मी पुस्तिका नव्यानं लिहिली. ताकेडाबाईंनी त्यात तीन ठिकाणी लाल खुणा केल्या आणि डोराचं नाव एका जागी चुकीचं पडलं होतं ते दुरुस्त केलं. कोल्बींची चूक चूकच होती, असं बाईंचं मत होतं. आमच्याकडं येणं त्यांनी चालूच ठेवलं, पण त्या गोष्टीवर पुन्हा कधी बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "लहानपणी, युद्धात, जपानी म्हणून आमच्या घरादाराला नावांच्या यादीवरून उचलून छावणीत नेलं होतं. नाव कुठं असावं आणि कुठं नसावं, याची मला तेव्हापासून सवय आहे."

शरद ऋतूत डिस्क आली. पहिली प्रत घेऊन आम्ही टेकडीवर गेलो, मी, रूफस आणि कोल्बी. कोल्बींना आत यायला धीर होईना. ते दाराशीच उभे राहिले, टोपी हातात. इडितनं त्यांचा कोपर धरून आत आणलं आणि वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं.

सिनेमा सुरू झाला. बेरेनी स्वतःचा आवाज ऐकत होते. पहिल्या भागात एका ठिकाणी ते टेपवर मोठ्यानं हसले, तेव्हा इडित उठून स्वयंपाकघरात गेली आणि थोड्या वेळानं परत आली. मग तबकडी उलटली. फलाटाचा प्रसंग आला, निळी बोटं आली, घेवड्याच्या शेंगा आल्या. कोल्बी गालिच्याकडं बघत होते. टेपवरचे बेरेनी गप्प झाले, पडद्यावरची बाई बाकावर बसून राहिली, आणि कोल्बींचा आवाज सुरू झाला. रेकॉर्डिंगमध्ये तो अगदी हळू होता, थोडा कापराही.

बेरेनींनी मान वळवून कोल्बींकडं पाहिलं. मग डावा हात, तेवढाच आता चालायचा, त्यांनी खुर्चीच्या हातावरून उचलला, रिमोट चाचपून शोधला, आणि आवाज मोठा केला.